गुप्तभूमिकांच्या खेळांतील निर्बंध : न्याय्यता आणि रंजकता

१. विषयप्रवेश

ज्या खेळात प्रत्येक भिडूस एक भूमिका गुप्तपणे नेमून दिली जाते, थोड्यांचे हित बहुतांच्या हिताविरुद्ध असते आणि कोण कोणत्या पक्षाचा हे केवळ बोलणे, वागणे व मतदान यांवरून ताडावे लागते, अशा खेळास येथे ‘गुप्तभूमिकेचा खेळ’ ही संज्ञा वापरली आहे. मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोव्ह यांनी १९८६-८७ च्या सुमारास रचलेला ‘माफिया’ हा या वर्गाचा आद्य आधुनिक नमुना मानला जातो. पुढे १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन यांनी त्याच खेळास माणसाचा लांडगा होण्याच्या कथेचा वेष चढविला. संगणकावर व मोबाइलवर खेळला जाणारा ‘अमंग अस’ हा खेळ २०१८ मध्ये निघाला आणि २०२० च्या टाळेबंदीच्या काळात घरोघरी पोहोचला.

या खेळांत भूमिकेबरोबर अधिकार येतो आणि अधिकाराबरोबर निर्बंधही येतो. वैद्याने रात्री एकाचा जीव वाचवावा, परंतु स्वतःचा वाचवू नये. हेराने रात्री एकाची ओळख तपासावी, परंतु एकाचीच. एखाद्या भूमिकेस मत देण्याची मुभा नसावी, तर एखादीस दिवसभर मौन पाळावे लागावे. असे निर्बंध बहुधा अनुभवाने, क्वचित निव्वळ लहरीनेही घातले जातात. परंतु कोणता निर्बंध न्याय्य आणि कोणता जाचक, कोणत्याने खेळाची गोडी वाढते आणि कोणत्याने ती नष्ट होते, याची कसोटी सहसा मांडली जात नाही. तशी कसोटी मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. ऑनलाइन खेळांची रचना गुंतागुंतीची असल्यामुळे विवेचनाचा आरंभ दोन जुन्या खेळांपासून केला आहे. एक चिठ्ठ्यांचा, जो सावंतवाडीतच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रात मुले खेळत आली आहेत. आणि दुसरा गंजिफेचा, ज्यासाठी सावंतवाडीचे नाव दूरवर पोहोचले आहे.

२. चिठ्ठ्यांचा खेळ

चार भिडू आणि चार चिठ्ठ्या एवढीच या खेळाची सामग्री. चिठ्ठ्यांवर राजा, प्रधान, शिपाई व चोर ही नावे लिहून त्यांच्या घड्या उधळतात आणि प्रत्येकजण एक उचलतो. प्रधानाच्या जागी कोठे राणी असते, गुणांचे आकडेही घरोघरी बदलतात. रचना मात्र एकच राहते. राजा स्वतःस प्रकट करतो, प्रधानास पुढे बोलावतो आणि उरलेल्या दोघांतून चोर ओळखण्याची आज्ञा करतो. राजास १०००, प्रधानास ८००, शिपायास ५०० आणि चोरास शून्य, असे प्रचलित मानांपैकी एक मान येथे गृहीत धरले आहे. प्रधानाने चोर अचूक ओळखला तर ८०० गुण त्याच्याकडेच राहतात. तो चुकला तर ते चोराच्या पदरात पडतात.

हा खेळ न्याय्य आहे काय? एका फेरीपुरते पाहिले तर नाही. राजास काहीही न करता १००० गुण मिळतात. प्रधानाने केवळ अंदाजाने बोट दाखविले तर त्याच्या यशाची संभाव्यता १/२ असल्यामुळे त्याचे अपेक्षित गुण ४०० होतात आणि चोराचेही ४०० होतात. म्हणजे नावाने दुसऱ्या क्रमांकाचा प्रधान प्रत्यक्षात शिपायाहून खाली उतरतो आणि शून्याचा धनी चोर त्याच्या बरोबरीस येतो. तथापि अनेक फेऱ्यांचा विचार केला तर चित्र पालटते. प्रत्येक फेरीत वाटल्या जाणाऱ्या गुणांची बेरीज २३०० ही कायम असते. चिठ्ठी दैवाने येत असल्यामुळे समान कौशल्याच्या प्रत्येक भिडूचे अपेक्षित गुण फेरीस ५७५ ठरतात. तात्पर्य, भूमिका विषम असल्या तरी भिडू समान राहू शकतात. न्याय्यतेचे हे दोन अर्थ, भूमिकाभूमिकांमधील समता आणि भिडूभिडूंमधील समता, वेगळे ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

रंजकतेच्या दृष्टीने मात्र या खेळात दोन उणिवा दिसतात. पहिली अशी की, त्यात कौशल्य दैवाखाली दबून जाते. एखादा चतुर भिडू प्रधान झाला असता चारांपैकी तीन वेळा अचूक ओळखतो असे मानले, तर त्या भूमिकेतील त्याचे अपेक्षित गुण ४०० वरून ६०० वर जातात. परंतु प्रधानपद त्यास सरासरीने चार फेऱ्यांतून एकदाच लाभते. म्हणून ही कमाई फेरीस केवळ ५० गुणांची होते. उलट शिपायाऐवजी राजाची एक चिठ्ठी हाती आली की ५०० गुणांचा लाभ एका क्षणात होतो. दहा फेऱ्यांची चतुराई आणि एका चिठ्ठीचे दैव यांचे वजन सारखे भरते!

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. शिपायाचे ५०० गुण चोर सापडला काय अन् न सापडला काय, कायमच असतात. त्यामुळे खरे बोलण्यात त्यास स्वार्थ नाही आणि खोटे बोलण्यात तोटा नाही. भूमिकेने त्यास कोणतेही हित दिलेले नसल्यामुळे तो भिडू म्हणून विचार करू लागतो: एकूण गुणांत पुढे असलेला गडी आज प्रधान आहे, तेव्हा त्याची फजिती होऊ द्यावी, किंवा चोर झालेली आपली धाकटी बहीण आहे, तेव्हा ओशाळल्यासारखा चेहरा आपणच करावा. भूमिकेने रिकामी सोडलेली जागा व्यक्तीचा लोभ किंवा राग भरून काढतो. चोर सुटल्यास शिपायाचेही अर्धे गुण जावेत एवढा एकच निर्बंध घातला, तरी दोघेही “मी शिपाई” असेच म्हणतील. पण आता एकाच्या म्हणण्यामागे पटवून देण्याची निकड असेल आणि दुसऱ्याच्या म्हणण्यामागे फसविण्याची. प्रधानास पारखण्यासारखे काहीतरी मिळेल. निर्बंधाने खेळ संकुचित न होता समृद्ध कसा होतो, याचे हे सर्वांत साधे उदाहरण होय.

३. गंजिफेची रचना

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पत्त्यांची असते. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अंकांचे पत्ते, अशी तिची वाटणी आहे. मोगल गंजिफेत रंग आठ व पत्ते ९६ असतात. पत्ते वाटोळे, हातांनी रंगविलेले व लाखेचे असतात. ही चितारकला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोप पावण्याच्या बेतात असता शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला आश्रय देऊन तिचे पुनरुज्जीवन केले, हे सर्वश्रुत आहे.

गंजिफा हा गुप्तभूमिकेचा खेळ नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. तीत पत्ता गुप्त असतो, भिडूचा पक्ष गुप्त नसतो. तरीही निर्बंध कसे योजावेत याविषयी तिच्या नियमांतून तीन तत्त्वे हाती लागतात.

पहिले तत्त्व विपर्ययाचे. दहा रंगांपैकी पाचांत अंकांची प्रतिष्ठा दहापासून एकाकडे उतरत जाते. उरलेल्या पाचांत ती उलट असते आणि एक्का प्रधानाच्या खालोखाल येऊन बसतो. राजा व प्रधान यांचे स्थान तेवढे सर्वत्र अढळ. परिणामी दहाचा पत्ता अर्ध्या रंगांत बलवान आणि अर्ध्या रंगांत सर्वांत दुबळा ठरतो. कोणताही अंक स्वभावतः हीन राहत नाही. त्याचे मोल तो कोठे पडला यावर ठरते. गुप्तभूमिकेच्या खेळातही एका प्रसंगी पंगू करणारा निर्बंध दुसऱ्या प्रसंगी उपयोगी पडावा, अशी रचना उत्तम मानावी लागेल.

दुसरे तत्त्व अग्रमानाचे. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने आरंभ करावा. रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. पहिली उतारी करण्याचा मान वयास, नात्यास किंवा घरच्या यजमानास दिलेला नाही. तो पत्त्यास आणि प्रहरास दिला आहे. तिसरे तत्त्व याहून मूलभूत आहे. नियम सर्वांस ठाऊक आणि पत्ते एकट्यास ठाऊक, ही सीमारेषा गंजिफेत कोठेही पुसट होत नाही. तिघांच्या डावात प्रत्येकी ४० पत्ते हाती येतात, कोणते पत्ते पडले याचे स्मरण ठेवावे लागते. परंतु कोणता पत्ता कोणावर मात करतो याबद्दल वाद उद्भवत नाही. निर्बंध स्वतःच गुप्त ठेवला की भिडू प्रतिपक्षाशी न झगडता नियमकर्त्याशी झगडू लागतो, आणि हा झगडा कोणासही सुखाचा होत नाही.

४. संख्येचे गणित

आता ‘माफिया’कडे वळू जाता प्रथम त्याची साधी रचना लक्षात घेतली पाहिजे. काही नागरिक व थोडे चोर असतात. चोर एकमेकांस ओळखतात, नागरिक कोणासही ओळखत नाहीत. दिवसा सर्वजण चर्चा करून मताधिक्याने एकास बाद करतात. रात्री चोर एका नागरिकास बाद करतात. सर्व चोर बाद झाले तर नागरिक जिंकतात. चोरांची संख्या नागरिकांइतकी झाली तर चोर जिंकतात.

चर्चेतून काहीच उलगडत नाही आणि मतदान निव्वळ दैवाधीन आहे असे मानून एका चोराचा हिशेब मांडता येतो. तीन भिडूंत एक चोर असेल तर नागरिकांच्या विजयाची संभाव्यता १/३ असते. कारण पहिल्याच दिवशी चूक झाली की एकास एक उरतो. पाच भिडू असतील तर पहिल्या दिवशी चोर सापडण्याची संभाव्यता १/५. तो न सापडल्यास (४/५) रात्रीनंतर तीन उरतात आणि पुन्हा १/३. एकंदर ७/१५, म्हणजे सुमारे ४७ टक्के. सात भिडूंत हे प्रमाण १९/३५, म्हणजे सुमारे ५४ टक्के होते.

भिडूंची संख्या सम असली की मात्र विलक्षण प्रकार दिसतो. चार भिडूंत एक चोर असेल तर पहिल्या दिवशी तो सापडण्याची संभाव्यता १/४. न सापडल्यास तीन उरतात, रात्री एक नागरिक जातो आणि एकास एक होऊन डाव संपतो. म्हणजे तीन भिडूंत १/३ असलेली नागरिकांची आशा एक प्रामाणिक माणूस वाढल्याने १/४ वर उतरते! सहा भिडूंत ती ३/८ असते, म्हणजे पाच भिडूंच्या ७/१५ पेक्षा कमी. याचे कारण असे की, वाढलेला नागरिक एक जादा दिवस मिळवून देत नाही. तो केवळ संशयितांच्या यादीत भर घालतो.

या सम-विषमाच्या चमत्काराचा निर्बंधांशी निकटचा संबंध आहे. पाच भिडूंच्या डावात पहिल्या दिवशी नागरिक बाद झाला; चार उरले. रात्री वैद्याने चोराचा घाव चुकविला, तर सकाळी तिघांऐवजी चौघे जिवंत असतात. मतदान सक्तीचे असेल तर वैद्याच्या या यशाने त्याच्याच पक्षाची आशा १/३ वरून १/४ वर येते. पण “आज कोणासही बाद करू नये” असे मत देण्याची मुभा ठेवली, तर तो दिवस तसाच जाऊ देऊन नागरिकांस १/३ ची स्थिती पुन्हा गाठता येते. जो निर्बंध वैद्यावर नाहीच, जो सर्वांच्या मतदानावर आहे, तोच वैद्याच्या अधिकाराचे मोल ठरवितो. एखाद्या भूमिकेचे बल तिच्या वर्णनावरून मोजू नये, संपूर्ण नियमावलीत ठेवून मोजावे, हा यावरून निघणारा धडा होय. मात्र हा हिशेब दैवाधीन मतदानाचा आहे हे विसरता कामा नये. वाचलेला कोण हे कळले तर त्याची निर्दोषता सिद्ध होते आणि त्या ज्ञानाचे मोल वेगळे धरावे लागते.

मोठ्या संख्येसाठी मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी व एल्हानान मोसेल यांनी २००८ मध्ये केलेले गणिती विवेचन मार्गदर्शक ठरते. हेर नसेल तर दोन्ही पक्षांची विजयसंभाव्यता तुल्य राहण्यासाठी चोरांची संख्या एकूण भिडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असावी लागते; म्हणजे भिडू चौपट झाले तर चोर दुपटीनेच वाढवावेत. परंतु एकच हेर समाविष्ट केला की हे प्रमाण पालटते आणि चोर एकूण संख्येच्या ठरावीक हिश्शाइतके ठेवावे लागतात. एका माणसास मिळालेल्या खात्रीच्या ज्ञानाचे वजन किती मोठे असते, आणि त्यावर बंधन का घालावे लागते, हे यावरून कळून येते.

५. अधिकारावरील निर्बंध

हेराच्या ज्ञानावर बंधन घालण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ते ज्ञानच संशयास्पद करणे. दुसरा, ते जाहीर करण्याची किंमत वाढविणे. पहिल्या मार्गात हेरास कधीकधी चुकीचे उत्तर मिळते. हा मार्ग दिसावयास सोपा असला तरी त्यात हेराचे नुकसान होते आणि त्याची भरपाई त्यास मिळत नाही. दैवाने चुकविलेल्या माणसाकडे घेण्यासारखा निर्णयच राहत नाही. दुसरा मार्ग सरस आहे. हेराने “मी हेर” असे सांगताच चोर रात्री त्याच्यावर चालून जातात. म्हणून केव्हा बोलावे, किती काळ थांबावे, हा त्याच्यापुढील खरा प्रश्न बनतो.

परंतु वैद्याने प्रत्येक रात्री हेराचेच रक्षण केले तर ही किंमत शून्यावर येते. हेर रोज एकाची ओळख सांगत राहतो, बाकीचे माना डोलावतात आणि डाव पाढे म्हटल्यासारखा संपतो. म्हणूनच वैद्याने लागोपाठ दोन रात्री एकाच भिडूचे रक्षण करू नये, असा निर्बंध अनेक ठिकाणी रूढ झाला आहे. त्याने वैद्याचा अधिकार कमी होतो, पण त्याचा विचार वाढतो: आजची रात्र हेरास द्यावी की उद्यासाठी राखून ठेवावी? चोरही तोच हिशेब दुसऱ्या बाजूने करीत असतात. वैद्याने स्वतःस वाचवू नये हा निर्बंधही याच जातीचा. स्वसंरक्षणाची मुभा असेल तर भित्र्या वैद्यास सुरक्षितता लाभते आणि विचाराचे कारण उरत नाही.

‘अमंग अस’मध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या भूमिका घालण्यात आल्या, त्यांची योजना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तत्पूर्वी झरोक्यातून जाणे हा केवळ तोतयाचा अधिकार होता. कोणी झरोक्यातून निघताना दिसला की तो तोतया, हा निर्णय पक्का होता. नव्या योजनेत अभियंत्यास, म्हणजे प्रामाणिक पक्षातील एका भूमिकेस, झरोक्याचा वापर मोकळा केला. मात्र आत किती वेळ राहावे आणि पुन्हा केव्हा शिरावे यास मर्यादा घातली. एका निर्बंधाच्या शिथिलीकरणाने पुराव्याचे रूपांतर संशयात झाले. वैज्ञानिकास कोण जिवंत आहे हे दुरून पाहता येते, पण त्याच्या यंत्राची शक्ती संपते आणि नेमून दिलेली कामे केल्यावरच ती पुन्हा भरते. ज्ञानाची किंमत श्रमाने चुकवावी लागते, आणि त्या श्रमात तो एकटा सापडण्याचा धोका असतो. अधिकार, त्याची मर्यादा आणि मर्यादेतून उद्भवणारा धोका ही साखळी येथे नीट जुळली आहे.

६. वाणीवरील निर्बंध

याहून अवघड प्रश्न बोलण्यावरील बंधनांचा आहे. लेखी चर्चेतून खेळल्या जाणाऱ्या डावांत एखाद्या भूमिकेस प्रत्येक निवेदनात ठरावीक शब्द योजण्याची, केवळ प्रश्नार्थक वाक्ये लिहिण्याची किंवा दिवसाकाठी मोजकेच बोलण्याची अट घातली जाते. ती वाचताना गंमत वाटते. पण दोन दोष तीत बहुधा दडलेले असतात.

पहिला दोष फुटीचा. अट केवळ नागरिक पक्षातील भूमिकेस असेल आणि हे सर्वांस माहीत असेल, तर ती अट पाळणाऱ्यास निर्दोषतेचे प्रमाणपत्र आपोआप मिळते. तिघांत एक चोर असताना दैवाने चोर सापडण्याची संभाव्यता १/३ असते. तिघांपैकी एक निःसंशय निर्दोष ठरला तर उरलेल्या दोघांपैकी निर्दोष नागरिकाच्या दृष्टीने प्रश्नच मिटतो आणि सर्व भार त्या प्रमाणित भिडूच्या १/२ निवडीवर येतो. अशा भिडूस शेवटपर्यंत जिवंत ठेवणे चोरांस परवडत नाही. म्हणून ते त्यास पहिल्याच रात्री गाठतात. गमतीसाठी दिलेली अट ज्यास मिळाली त्याचाच डाव सर्वांआधी संपतो. यावर उपाय दोन. तीच अट चोरांच्या एका भूमिकेसही द्यावी. अथवा अट अशी असावी की कोणासही तिचे सोंग आणता येईल. सोंग आणता येणारी अट संशय निर्माण करते, सोंग न आणता येणारी अट निकाल देते.

दुसरा दोष जाचाचा. बोलणे हेच ज्या खेळाचे शस्त्र, त्यात मौनाची अट म्हणजे भिडूस डावाबाहेर बसविणे होय. या ठिकाणी दशावतारी नाटकाची आठवण उद्बोधक ठरते. सावंतवाडीच्या परिसरातील जत्रांत रात्र जागविणाऱ्या या नाटकास लिखित संहिता नसते. कथा ठरलेली, पात्राचा स्वभाव ठरलेला, त्याची मर्यादाही ठरलेली. पण संवाद नटाने आयत्या वेळी रचावयाचा. राक्षसाने राक्षसासारखेच बोलले पाहिजे हा निर्बंध त्यास मुका करीत नाही. उलट काय बोलावे याचे धागेदोरे पुरवितो. वाणीवरील चांगला निर्बंध असा असावा. “अमुक शब्द उच्चारू नये” यापेक्षा “दिवसातून एकदा कोणावर तरी उघड आरोप करावा” ही अट बरी, कारण ती बोलावयास लावते आणि आरोप कोणावर करावा ही निवड भिडूकडेच ठेवते.

७. ऑनलाइन खेळाची वैशिष्ट्ये

समोरासमोर बसून खेळताना जे निर्बंध आपोआप पाळले जातात ते ऑनलाइन खेळात मुद्दाम घालावे लागतात. चिठ्ठी हातात घट्ट दाबून ठेवता येते. भूमिका सांगणारा संदेश मात्र जसाच्या तसा उतरवून इतरांस दाखविता येतो. म्हणून भूमिकेचा संदेश शब्दशः उद्धृत करू नये, हा नियम सार्वत्रिक आहे. तो नसेल तर खरेखोटे बोलण्याची कला निरुपयोगी होऊन नक्कल करण्याची कला तेवढी शिल्लक राहील. त्याचप्रमाणे बाद झालेल्या भिडूने जिवंत भिडूंशी खाजगी संपर्क ठेवू नये, हा नियमही तितकाच आवश्यक. ‘अमंग अस’मध्ये काम चालू असता बोलण्यास बंदी असते आणि सभा भरल्यावरच चर्चा होते, या एका निर्बंधावर सारा खेळ उभा आहे.

लेखी चर्चेत स्मरणाचे मोल घटते, कारण मागील प्रत्येक वाक्य पुन्हा वाचता येते. पण नवी विषमता शिरते. देवनागरीत सफाईने टंकलेखन करणारा आणि अडखळत करणारा, पुण्यामुंबईत अखंड जोडणी असलेला आणि पावसाळ्यात कोकणातील खेड्यातून खेळणारा, यांस दोन मिनिटांची मुदत सारखी नसते. जोडणी तुटल्याने गप्प झालेला भिडू चोर म्हणून बाद होतो, तेव्हा निर्बंधाचा फटका भूमिकेस न बसता माणसास बसतो. मुदत पुरेशी लांब ठेवणे, अनुपस्थितीची खूण नियंत्रकाकडून जाहीर होणे आणि वेगावर अवलंबून असणारी अट टाळणे, हे साधे उपाय त्यावर आहेत.

लवकर बाद होण्याचे दुःखही ऑनलाइन खेळात तीव्र असते. खोलीत बसून पुढील गंमत पाहण्याची सोयही तेथे पुष्कळदा नसते. ‘अमंग अस’मध्ये मेलेल्या भिडूस भूत होऊन आपली उरलेली कामे पूर्ण करता येतात, आणि एका भूमिकेत तर मेल्यानंतरच जिवंतांचे रक्षण करण्याचा अधिकार लाभतो. गप्प राहण्याचा निर्बंध कायम ठेवूनही सहभाग टिकविता येतो, याचे हे नमुनेदार उदाहरण.

सर्वांत गंभीर प्रश्न मात्र संशय पुढील डावात वाहून नेण्याचा आहे. “हा नेहमीच चोर असतो”, “ही खोटे बोलण्यात पटाईत” असे शिक्के नेहमीच्या मंडळींत पडतात, आणि ऑनलाइन खेळात मागील डावांची नोंद राहत असल्यामुळे ते सहसा पुसले जात नाहीत. अशा वेळी चिठ्ठी निरर्थक होते. भूमिका दैवाने न येता नावाने येऊ लागते. याचा विपरीत परिणाम केवळ खेळापुरता समजू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांस गुन्हेगार ठरविले होते, आणि १९५२ मध्ये तो रद्द झाल्यानंतरही तो शिक्का समाजाच्या मनातून सहजी गेला नाही. चिठ्ठ्यांच्या खेळातील चोर आणि हा शिक्का यांत मूलभूत भेद एकच: पहिल्यातून पुढच्या फेरीत सुटका होते. ती सुटका हीच या खेळांची नैतिक अट आहे. म्हणून निनावी नावांनी खेळविणे, भूमिकांची वाटणी यंत्राकडून निःपक्षपणे होणे आणि डाव संपताच सर्व भूमिका उघड करणे, हे नियम सोयीपुरते नसून न्यायाचे आहेत.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून निर्बंधाच्या चार कसोट्या निष्पन्न होतात. निर्बंध भूमिकेवर असावा, माणसाच्या वेगावर, भाषेवर किंवा नावावर नसावा. निर्बंधानंतरही भिडूकडे घेण्याजोगा एक तरी निर्णय उरावा. निर्बंध सर्वांस ठाऊक असावा, पण तो कोणावर आहे याचा केवळ संशय यावा, खात्री होऊ नये. आणि त्याचे मोल एकट्या भूमिकेकडे पाहून न ठरविता भिडूंची संख्या, सम-विषमता व मतदानाचे नियम यांसह ठरवावे.

या चारांपैकी चौथी कसोटी गणिताने पाहता येते आणि ती पाहिली जातेही. पहिल्या तीन केवळ खेळवून पाहिल्यानेच कळतात. एखादा निर्बंध मिळालेला भिडू डाव संपल्यावर काय सांगतो, याकडे नियमकर्त्याने कान द्यावा. “माझ्या हाती काहीच नव्हते” असे तो म्हणत असेल, तर विजयाचे प्रमाण कितीही समतोल असले तरी तो निर्बंध काढून टाकावा. “मी दुसऱ्या रात्री चुकलो” असे तो म्हणत असेल, तर निर्बंध योग्य जागी पडला आहे असे समजण्यास हरकत नाही.